सात संगणक आणि न जुळणारे दोन आकडे



गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या मुलींच्या वसतिगृहातले सातही संगणक मी माझ्याच हाताने बिघडवले. दोन दिवसांनी मुलींच्या मदतीने ते दुरुस्तही केले. त्या वेळी लाजेने मी कोणाला फारसे सांगितले नाही. पण अलीकडे दोन-तीन मंडळींकडून विचारणा झाली की, देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स टाकले, आता वायफाय चालत नाही, काय करावे? त्यांच्यातल्या एकाचे दुखणे हुबेहूब आमच्यासारखे निघाले. म्हणून संपादकांच्या सांगण्यावरून ही हकीकत लिहून काढत आहे. संगणकाची काही माहिती नसलेल्या वाचकालाही ती कळावी, असा प्रयत्न आहे.

यंत्रे आली कुठून

मी बोईसरला राहतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर पालघर-मनोर रस्त्याकडच्या आपल्या वसतिगृहात आठवड्यातून एकदा जातो. तिथे जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतल्या मुली राहतात. बहुतेक वारली, काही कोकणा आणि कातकरी. घरी संगणक कोणाकडेच नाही आणि कित्येकींच्या पाड्यावर मोबाइललाही धड रेंज मिळत नाही.

२०२४ मध्ये वसाहतीतल्या एका कारखान्याने आठ जुने संगणक दिले. ते चांगले चालत होते, पण विंडोज ११ ला चालणारे नव्हते. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांची यंत्रे कार्यालयांतून भराभर बाहेर पडू लागली. टायपिंग, वाचन, अर्ज भरणे एवढ्या कामांना ती अजून भरपूर उपयोगी आहेत.

या यंत्रांवर मी डेबियन १२ टाकले. डेबियन ही लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम. तिला पैसे पडत नाहीत, परवान्याची चोरी होत नाही आणि तिच्यात मराठीची सोय आहे. आठांपैकी एक यंत्र मी बोईसरला घरी ठेवले. त्यावर सगळे नीट बसवायचे आणि त्याची हुबेहूब प्रत बाकीच्या सातांवर उतरवायची, अशी पद्धत ठेवली. सात वेळा तेच काम करण्यापेक्षा हे सोपे जाते. त्या पहिल्या खेपेला संपूर्ण डिस्कची प्रत केली होती आणि वर्षभर काही तक्रार आली नाही.

त्या शनिवारी काय झाले

२०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला होता. वसतिगृहाला सुट्टी होती, तरी अकरा मुली अर्ज भरण्यासाठी परत येणार होत्या. म्हणून आधीच सगळी यंत्रे अद्ययावत करून ठेवावीत, नवा ब्राउझर असावा, दाखले स्कॅन करण्याची सोय असावी, असे मी ठरवले. घरच्या यंत्रावर तयारी केली, प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि गुरुवारी वसतिगृहात जाऊन सातही यंत्रांवर उतरवली. शेवटच्या यंत्राचे काम होते न होते तोच वारा सुटला आणि वीज गेली. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला होता, हे आपल्याला आठवत असेल. वीज येण्याची वाट न पाहता मी संध्याकाळची गाडी पकडून बोईसरला परतलो. एकही यंत्र चालू करून पाहिले नाही. चूक तिथेच पक्की झाली.

शनिवारी सकाळी वसतिगृहाच्या ताईंचा फोन आला. "काका, मुली आल्यात, पण एकाही संगणकाला नेट नाही. अक्षरं पण मोठी मोठी दिसतायत."

मुदत संपायला तीन दिवस होते. मुली एसटीने, काही जणी दोन गाड्या बदलून आल्या होत्या. कोणाचे वडील वीटभट्टीवरून, कोणाची आई मजुरी बुडवून सोबत आली होती. ताईंच्या एका मोबाइलवर अकरा अर्ज आणि अकराजणींचे दाखले चढवायचे म्हणजे कठीणच. मी पालघरला उतरून रिक्षाने वसतिगृहात पोचलो तेव्हा मुली व्हरांड्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत गुणपत्रिका आणि जातीचे दाखले घेऊन बसल्या होत्या.

सातही यंत्रांचे दुखणे एकच. यंत्र चालू होई, पडदा येई, पण वायफायचे चिन्ह नाही. आवाज नाही. पडद्यावरची अक्षरे पसरट. पेनड्राइव्ह लावला तर यंत्र त्याची दखलच घेईना. एखाद्या यंत्राचे वायफाय गेले तर भाग बिघडला म्हणता येते. सात यंत्रांचे एकाच दिवशी गेले, म्हणजे बिघाड भागात नव्हता. तो मी गुरुवारी जे केले त्यात होता.

गाभा म्हणजे काय

पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. ऑपरेटिंग सिस्टीमच्या मध्यभागी एक मुख्य प्रोग्रॅम असतो. त्याला इंग्रजीत कर्नेल म्हणतात. मुलींना हा शब्द सांगितला की त्यांना फौजेतला कर्नल आठवतो आणि हसू येते, म्हणून आम्ही त्याला गाभा म्हणतो. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर काय लिहायचे, कोणता प्रोग्रॅम आधी चालवायचा, हे सगळे गाभा ठरवतो. लिनक्स हे खरे तर या गाभ्याचेच नाव. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने तो लिहायला घेतला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी जगाला कळवले. आज त्याच्या मजकुराच्या ओळी तीन कोटींच्या वर आहेत.

त्यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या भागाशी बोलण्याची रीत. वायफायचा वेगळा, आवाजाचा वेगळा, पडद्याचा वेगळा. हे सगळे सतत मेमरीत ठेवले तर जागा पुरणार नाही. म्हणून बहुतेक ड्रायव्हर सुट्या तुकड्यांत ठेवलेले असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. ज्या यंत्राला जो तुकडा लागेल तेवढाच गाभा उचलून आणतो.

आता मुख्य मुद्दा. गाभा आणि त्याची मॉड्यूल्स एकाच वेळी, एकाच मजकुरातून तयार होतात. दोघांवर एकच आकडा असतो. डिस्कवर मॉड्यूल्सचे जे फोल्डर असते त्यालाही तोच आकडा नाव म्हणून दिलेला असतो. गाभा फक्त आपल्या आकड्याच्या फोल्डरात बघतो. ते नसले तर शेजारच्या आकड्याच्या फोल्डरात हात घालत नाही. आणि जबरदस्तीने दुसऱ्या आकड्याचे मॉड्यूल दिले, तर त्यावरचा शिक्का तपासून ते नाकारतो.

बोईसरच्या कोणत्याही फिटरला हे चटकन कळेल. अर्ध्या इंचाचा बोल्ट आणि १२ मिलिमीटरचा नट हातात घेतले तर डोळ्यांना सारखेच वाटतात. पण आटे वेगळे. जोर लावला तर दोन्ही खराब होतात. गाभ्याने न जुळणारे मॉड्यूल नाकारणे हा त्याचा हट्ट नाही. चुकीचा तुकडा बसला तर मेमरीत भलत्याच ठिकाणी लिहिले जाऊन सगळे यंत्र कोसळू शकते. नकार देऊन तो आपले काम राखतो.

माझी चूक नेमकी कुठे

आमच्या डिस्कचे तीन कप्पे आहेत. संगणकाच्या भाषेत पार्टिशन. पहिला लहान कप्पा बूटचा. यंत्र सुरू होताना लागणारा गाभा त्यात असतो. दुसरा मोठा कप्पा सिस्टीमचा. सगळे प्रोग्रॅम आणि मॉड्यूल्स त्यात. तिसरा मुलींच्या कामाचा. त्यांचे निबंध, चित्रे, टायपिंगचे धडे सगळे तिथे.

गुरुवारी मुलींचे वर्षभराचे काम पुसले जाऊ नये म्हणून मी तिसऱ्या कप्प्याला हात लावला नाही. तेवढे बरोबर केले. पण प्रत उतरवताना फक्त दुसरा कप्पा उतरवला आणि पहिला विसरलो. घरच्या यंत्रावर अद्ययावत करताना नवा गाभा आला होता आणि जागा वाचवण्यासाठी मी जुन्या गाभ्याचे सामान काढून टाकले होते. त्यामुळे वसतिगृहातल्या यंत्रांत पहिल्या कप्प्यात जुना गाभा राहिला आणि दुसऱ्या कप्प्यात फक्त नव्या गाभ्याची मॉड्यूल्स आली. जुन्या गाभ्याने आपल्या आकड्याचे फोल्डर शोधले. ते तिथे नव्हतेच.

मग यंत्र सुरू तरी कसे होत होते, असा प्रश्न कोणालाही पडेल. मलाही त्यानेच फसवले. बूटच्या कप्प्यात गाभ्यासोबत एक छोटी शिदोरी असते. डिस्क वाचणे, कीबोर्ड ओळखणे अशा पहिल्या पावलांना लागणारी मॉड्यूल्स तिच्यात बांधलेली असतात. ती शिदोरी जुन्या गाभ्याचीच होती, म्हणून तो घराबाहेर पडला. शिदोरी संपल्यावर पुढचे सामान मिळाले नाही. अर्धवट चालणारे यंत्र पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा जास्त गोंधळात टाकते ते यामुळे.

आकडा कोणी पकडला

हे सगळे मला तेव्हा लगेच सुचले, असे मुळीच नाही. पहिला अर्धा तास मी वायफायचे डोंगल काढून-घालून, राउटर बंद-चालू करून घालवला. मग एका यंत्राच्या सुरुवातीच्या मेन्यूतून रिकव्हरी मोड निवडला. त्यात चित्रे नसतात, काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे. तिथे गाभ्याचा आकडा विचारण्याची आज्ञा दिली. ती अगदी छोटी आहे. इंग्रजी लहान लिपीत यू, एन, ए, एम, ई ही अक्षरे, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि आर. उत्तर आले ६.१.०-१८. मला त्यात काही खटकले नाही.

प्रत्येक यंत्राची एक वही आम्ही ठेवली आहे. यंत्रावर कोणते काम कधी केले, आकडा काय होता, ते मुली लिहितात. शेजारी बसलेल्या एका मुलीने ती वही उघडली आणि माझ्या पिशवीतला कागदही बघितला. त्यावर घरच्या यंत्राचा नवा आकडा मी टिपून आणला होता. ती म्हणाली, "काका, वहीत मागच्या वर्षी १८ लिहिलंय. तुमच्या कागदावर ३५ आहे. मग पडद्यावर अजून १८च कसं?"

मी कागदाकडे बघितले, पडद्याकडे बघितले आणि डोक्यात दिवा लागला. लगेच मॉड्यूल्सच्या फोल्डरात पाहिले. मुळाशी लिब नावाचे फोल्डर असते, त्यात मॉड्यूल्स नावाचे. तिथे एकच नाव होते आणि त्यात ३५ होते. गाभा १८ चा, सामान ३५ चे. सातही यंत्रांत तेच.

दुरुस्ती कशी केली

आता दुरुस्तीच्या पायऱ्या सांगतो. आपल्या मंडळीत कोणी असे संगणक सांभाळत असेल तर त्याला हा भाग वाचून दाखवावा. डेबियन आणि तिच्या कुळातल्या उबुंटू, मिंट यांनाही बहुतांश हेच लागू पडते.

पहिली पायरी म्हणजे काहीही पुसू नये. अशा वेळी "पुन्हा नव्याने टाकू" असे म्हणण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पण हा बिघाड सिस्टीम खराब झाल्याचा नाही. दोन चांगल्या वस्तू एकमेकींना जुळत नाहीत, एवढाच आहे. नव्याने टाकताना चुकून मुलांचे काम गेले तर ते परत मिळत नाही.

दुसरी पायरी दोन आकडे पाहणे. चालू गाभ्याचा आकडा आणि मॉड्यूल्सच्या फोल्डरचे नाव. दोन्ही कागदावर एकाखाली एक लिहावेत. शेवटच्या अंकापर्यंत जुळले पाहिजेत. सुरुवातीचे ६.१ जुळले म्हणून चालत नाही. शेवटचा अंक वेगळा असला तरी गाभा वेगळा.

तिसरी पायरी बूटचा कप्पा जोडलेला आहे का ते पाहणे. डी आणि एफ ही दोन अक्षरे, जागा सोडून आडवी रेघ आणि एच, अशी आज्ञा दिली की जोडलेल्या कप्प्यांची यादी आणि प्रत्येकातली मोकळी जागा दिसते. यादीत बूट नसेल तर नवा गाभा भलत्याच ठिकाणी, सिस्टीमच्या कप्प्यातल्या रिकाम्या फोल्डरात जाऊन बसतो आणि यंत्र सुरू होताना जुनाच गाभा उचलते. ज्यांचे संगणक प्रत न उतरवताही या दुखण्यात सापडले, त्यांनी आधी इथे पाहावे. कप्प्यात जागा संपलेली असली तरीही नवा गाभा पूर्ण उतरत नाही.

चौथी पायरी नवा गाभा पुन्हा बसवणे. इथे मी अडलो. गाभा बसव म्हटल्यावर यंत्र म्हणाले, हा आधीच बसवलेला आहे आणि सर्वांत नवा आहे. कारण बसवलेल्या सामानाची नोंदवही दुसऱ्या कप्प्यात असते आणि ती नव्या प्रतीसोबत आली होती. वहीत माल जमा, गोदामात माल नाही. रेशनच्या दुकानात आपण हे पाहिलेले असते. अशा वेळी नुसते बसव न म्हणता "पुन्हा बसव" असे सांगावे लागते. एपीटी-गेट या आज्ञेला रीइन्स्टॉल असा शब्द जोडला की ती नोंदीकडे न बघता सगळे पुन्हा उतरवते.

पण नेट नसताना गाभा आणायचा कुठून? पेनड्राइव्ह तर यंत्र ओळखत नव्हते. त्यावर उपाय घरातच निघाला. मी घरच्या यंत्रावर एपीटी-गेटने अद्ययावत केले होते आणि ती आज्ञा नेटवरून आणलेल्या फायली लगेच टाकून देत नाही. एका साठ्याच्या फोल्डरात ठेवते. तो साठा दुसऱ्या कप्प्यात होता, म्हणजे प्रतीसोबत सातही यंत्रांत आला होता. ३५ आकड्याच्या गाभ्याची फाइल तिथे जशीच्या तशी पडलेली होती. ज्यांच्याकडे ती नसेल त्यांनी डेबियनच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे. त्या पेनड्राइव्हचा स्वतःचा जुळणारा गाभा आणि मॉड्यूल्स असतात, त्यामुळे सगळे भाग चालतात आणि तिथून काम करता येते.

रीइन्स्टॉलची आज्ञा दिल्यावर तीन गोष्टी आपोआप झाल्या. नवा गाभा बूटच्या कप्प्यात आला, त्याची नवी शिदोरी बांधली गेली आणि सुरुवातीच्या मेन्यूत त्याचे नाव लिहिले गेले. जुन्या डिस्कवर याला दोन-तीन मिनिटे लागतात. मध्येच यंत्र बंद करू नये.

पाचवी पायरी यंत्र पुन्हा सुरू करून परत दोन आकडे पाहणे. आमच्या पहिल्या यंत्रावर ३५ आणि ३५ आले. वायफायचे चिन्ह दिसले, अक्षरे बारीक आणि स्पष्ट झाली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र आधी आवाज, पेनड्राइव्ह आणि स्कॅनर तपासून घेतले. गुरुवारी न तपासल्याचा धडा ताजा होता.

शेवटची पायरी जुना गाभा बूटच्या कप्प्यातून काढणे आणि मेन्यू नव्याने लिहिणे. हे नवा गाभा नीट चालल्याची खात्री झाल्यावरच करावे, आधी नाही. कोणी चुकून मेन्यूतून जुना गाभा निवडला तर पुन्हा तेच दुखणे दिसेल, म्हणून आम्ही तो काढला.

पहिल्या यंत्राला दुपार गेली. बाकीच्या सहांना मिळून दीड तास. पुढची दोन यंत्रे तर मुलींनीच केली. एकजण आज्ञा टाइप करी, दुसरी एकेक अक्षर मोठ्याने वाचून पडताळून बघे.

असेच आणखी काही प्रकार

आकडे न जुळण्याची आणखी तीन कारणे नेहमी दिसतात. एक, गाभा अद्ययावत झाला पण यंत्र पुन्हा सुरू केले नाही आणि जुने सामान काढून टाकले गेले. याला साधे रीस्टार्ट पुरते.

दोन, काही वायफाय डोंगलचे ड्रायव्हर डेबियनमध्ये येत नाहीत आणि वेगळे तयार करावे लागतात. ते ज्या गाभ्यासाठी तयार केले त्याच्याशीच चालतात. गाभा बदलला की ते पुन्हा तयार व्हावे लागतात आणि त्यासाठी गाभ्याच्या हेडर नावाच्या फायली त्याच आकड्याच्या लागतात. भलत्या आकड्याचे हेडर आणून तासन्‌तास घालवणारे मी पाहिले आहेत. डोंगल घेतानाच त्याचा ड्रायव्हर डेबियनमध्ये आहे का, ते विचारावे.

तीन, फार जुनी ३२ बिटांची यंत्रे. त्यांच्यावर ६४ बिटांचा गाभा चालतच नाही. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या संगणकांसाठी गाभा आणि इन्स्टॉलर देणे बंद झाले. अशी यंत्रे कोणी देऊ केली तर आता नम्रपणे नाही म्हणावे, हे बरे.

शेवटी थोडेसे

त्या रात्री नऊच्या सुमारास पहिला अर्ज उघडला. रविवारी संध्याकाळपर्यंत अकराही मुलींचे अर्ज दाखल झाले. ज्या मुलीने आकडा पकडला तिचा अर्ज तिने सर्वांत शेवटी भरला, कारण ती दुसऱ्यांचे दाखले स्कॅन करत बसली होती. निघताना तिच्या आईने मला विचारले, "मशीन परत बिघडंल का?" मी म्हटले, बिघडेल, पण आता तुमच्या मुलीला ते कळेल.

त्या दिवसापासून आम्ही दोन नियम केले आहेत. प्रत उतरवायची तर आधी एकाच यंत्रावर उतरवून, ते सुरू करून, सगळे भाग तपासायचे आणि मगच बाकीच्यांकडे वळायचे. आणि वहीत आता एका आकड्याऐवजी दोन आकडे लिहायचे, गाभ्याचा आणि मॉड्यूल्सचा. सातही वह्या मुलींच्या हाती आहेत आणि मी गेलो की त्या माझ्याकडून सही घेतात.

आपल्यापैकी कोणाच्या कार्यालयात जुने संगणक निघणार असतील तर देण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. यंत्र ६४ बिटांचे आहे ना ते पाहावे. डिस्कवरची कार्यालयाची माहिती पुसून घ्यावी. आणि पॉवर केबल, कीबोर्ड, माऊस सोबत द्यावेत, कारण ते नंतर शोधताना बोईसरच्या बाजारात आमचा अर्धा दिवस जातो. शक्यतो एकाच मॉडेलची चार-पाच यंत्रे मिळाली तर फार बरे. एकाची प्रत दुसऱ्याला चालते आणि एकाचे भाग दुसऱ्याला बसतात.

ज्यांना या कामात हात द्यायचा आहे त्यांनी वसतिगृहाच्या ताईंशी बोलावे. संगणकाचे शिक्षण झालेले असलेच पाहिजे असे नाही. आकडे लक्षपूर्वक वाचता आले तरी पुष्कळ मदत होते.